नऊ एकतीस

मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५, पहाटे ५:४५. उरले २७ तास ४६ मिनिटं

औरंगाबादच्या पुंडलिकनगरात, गजानन महाराज मंदिराच्या चौकात कंपन्यांच्या बसची वाट बघणारे उभे आहेत. पाठीवर सॅक, सॅकमध्ये डबा, गळ्यात ओळखपत्र. कुणी वाळूजला जाणार, कुणी शेंद्र्याला, कुणी जवळच चिकलठाण्याला. पुंडलिकनगर हा काही कारखान्यांचा भाग नाही. गारखेड्याच्या अंगानं वाढत गेलेली ही वस्ती. छोट्या प्लॉटवर एकावर एक चढलेली घरं, खाली दुकान, मध्ये मालक, वर भाडेकरू. जालना, बीड, परभणीकडून आलेल्या कितीतरी जणांचा शहरातला पहिला मुक्काम इथंच पडतो. महिन्याचा पगार वाळूजचा आणि सातबारा गावाकडचा, अशी इथल्या अनेक घरांची मांडणी आहे. पुढच्या सगळ्या तासांमध्ये ही मांडणी लक्षात ठेवायची.

उद्या सकाळी नऊ वाजून एकतीस मिनिटांनी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटून एक मिनिट झालेलं असताना, भारतातून तिकडं जाणाऱ्या निम्म्याहून अधिक मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लागू होईल. उद्या गणेश चतुर्थीही आहे.

सकाळी ७:३०. उरले २६ तास

रात्रीतून आलेली बातमी आता सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्यानं अधिसूचनेचा मसुदा काढला. म्हणजे शेवटच्या क्षणी मुदत वाढेल ही आशा संपली. एप्रिलमध्ये २६ टक्क्यांची घोषणा झाली, आठवड्यात ती नव्वद दिवसांसाठी थांबली. जुलैच्या अखेरीस २५ टक्के ठरले, ते ७ ऑगस्टला लागू झाले. त्याच्या आदल्याच दिवशी, ६ ऑगस्टला, ट्रम्प यांनी आणखी २५ टक्क्यांच्या आदेशावर सही केली. या दुसऱ्या पंचवीसचं कारण व्यापार नाहीच. भारत रशियाकडून तेल घेतो, त्याचा हा दंड. एकवीस दिवसांची मुदत होती.

सकाळी १०:३०. उरले २३ तास

गुजरातमध्ये हांसलपूरच्या सुझुकी कारखान्यात पंतप्रधान ई-विटाराला झेंडा दाखवतात. ही गाडी शंभराहून अधिक देशांत जाणार आहे. स्वदेशीची त्यांनी तिथं केलेली व्याख्या ऐकण्यासारखी आहे: पैसा कुणाचाही असो, घाम भारतीयाचा असला की झालं. कंपनी जपानी, गिऱ्हाईक परदेशी आणि माल स्वदेशी. मला ही व्याख्या प्रामाणिक वाटते, कारण वाळूज आणि शेंद्र्याचं आजचं खरं चित्र तेच आहे. मात्र तिच्यात एक अडचण आहे. घामाची किंमत ठरवणारं गिऱ्हाईक सीमेपलीकडं बसलेलं असतं. काल अहमदाबादेत ते म्हणाले होते की दबाव वाढेल, आपण सोसू. सोसणारं ‘आपण’ म्हणजे नेमकं कोण, ते बघायला वाळूजला जावं लागेल.

दुपारी १:००. उरले साडेवीस तास

वाळूजमध्ये १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली. एन्ड्युरन्स, व्हेरॉक ही आज मोठी झालेली नावं इथलीच. त्यांच्या खाली दुसऱ्या फळीतले कारखाने, त्यांच्याही खाली जॉबवर्कवाले: दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी मशीन, पाच-सहा माणसं आणि बँकेचा हप्ता. यातल्या कितीकांचा माल अमेरिकेला जातो हे कामगाराला ठाऊकही नसतं. तो पार्ट नंबर बघून काम करतो.

आज दुपारी मात्र तो पार्ट नंबरच महत्त्वाचा आहे, कारण शुल्काचा तक्ता विचित्र आहे. कार आणि हलक्या ट्रकच्या भागांवर मे महिन्यापासून वेगळ्या कायद्याखाली २५ टक्के शुल्क आहे. उद्याचा बोजा त्यांच्यावर चढत नाही. ट्रॅक्टर, मोठे ट्रक, बांधकामाची यंत्रं यांच्या भागांवर मात्र उद्यापासून ५०. पोलाद आणि ॲल्युमिनियमवर जूनपासूनच ५० आहेत. औषधांना सूट. म्हणजे एकाच शेडमधल्या शेजारशेजारच्या दोन मशीनवर दोन दर. चिकलठाण्यात गोळ्यांचं पॅकिंग करणारी बहीण सुटली आणि ट्रॅक्टरचे गिअर करणारा भाऊ अडकला, असं एखाद्या घरात सहज होऊ शकतं.

हे शुल्क भारतातला कारखानदार भरत नाही, ते तिकडच्या बंदरावर तिकडचा आयातदार भरतो. टीव्हीवर हे सांगून काही लोक निर्धास्त झालेले दिसतात. पण आयातदार शुल्क भरून गप्प बसत नाही. तो ईमेल पाठवतो. भार वाटून घ्या, नाहीतर पुढची ऑर्डर थांबवू. भारताच्या तुलनेत व्हिएतनाम आणि बांगलादेशावर २० टक्के आहेत, पाकिस्तानवर १९. इंजिनीअरिंगच्या कामात पन्नास टक्के कुणालाच सुटत नाहीत, मग ते सोडणार कुठून? आधी ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद होतो. मग कंत्राटी पोरांना ब्रेक दिला जातो. कायम कामगारापर्यंत झळ पोचायला वेळ लागतो आणि म्हणूनच मोर्चा निघत नाही.

आता त्या मुदतीबद्दल. आदेशात एक सवलत होती: उद्या सकाळी नऊ एकतीसच्या आत जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत उतरून जकात उरकलेला माल या नव्या दंडातून सुटेल. कागदावर उदार वाटतं. पण न्हावाशेवाहून निघालेलं जहाज तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळं २०२३ च्या अखेरीपासून बहुधा सुएझमार्गे जात नाही. आफ्रिकेला वळसा घालून अमेरिकेचा पूर्व किनारा गाठायला त्याला महिना-सव्वा महिना लागतो. १७ सप्टेंबर गाठायचा तर जहाज ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातच सुटलेलं हवं. सही ६ ऑगस्टची. वाळूजहून समृद्धी महामार्गानं न्हावाशेवा आता काही तासांवर आलंय खरं, पण पॅकिंग, कागदपत्रं, कस्टम्स आणि जहाजावरची जागा हे सगळं आहेच. एकवीस दिवसांतले आपल्या वाट्याला आले ते फार तर पाच-सहा. विमानानं पाठवणं परवडेल असा माल या पट्ट्यात थोडा. टीव्हीच्या पडद्यावर सेकंद मोजणारं घड्याळ आज दिवसभर चालेल. वाळूजची मुदत दोन आठवड्यांपूर्वीच संपली.

दुपारी ३:३०. उरले १८ तास

शेअर बाजार बंद झाला. सेन्सेक्स ८४९ अंकांनी खाली, ८०,७८६ वर. उद्या चतुर्थीची सुट्टी, म्हणून उद्या पडायचं तेही आजच पडून घेतलं असावं.

संध्याकाळी ६:००. उरले साडेपंधरा तास

पहिल्या पाळीची माणसं कधीच घरी आलीत. या वेळेला गावाकडं फोन होतात. पाऊस किती, फवारणी झाली का, कापसाला पाते-बोंडं कितपत. आणि या आठवड्यात एक नवा प्रश्न: कापसाचं खरं आहे का?

खरं आहे. १८ ऑगस्टला केंद्रीय अर्थ खात्यानं कच्च्या कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं. कापड गिरण्यांची ही मागणी जुनीच. मुहूर्त टॅरिफचा लागला. तिरुपूरच्या कपडे शिवणाऱ्यांचा अमेरिकेतला धंदा पन्नास टक्क्यांखाली दबणार, तर निदान त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा म्हणता येत नाही, तिरुपूरमध्येही लाखो हात आहेत. बाहेरून स्वस्त कापूस येतो त्या देशांमध्ये अमेरिका आहे, हेही कुणाच्या नजरेतून सुटलेलं नाही.

या सगळ्यातली तारखांची संगती मला खटकते. ७ ऑगस्टला दिल्लीत, एम. एस. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत, पंतप्रधानांनी सांगितलं की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड होणार नाही, त्यासाठी स्वतः मोठी किंमत मोजायलाही ते तयार आहेत. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून तेच, भिंतीसारखं उभं राहण्याच्या भाषेत. आणि त्यानंतर तीन दिवसांनी कापसाची कुंपणातली फट उघडली. टॅरिफ लावलं अमेरिकेनं, तरी या वादात आपल्या बाजूनं कर कमी झाला तो मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या पिकावरचा. या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागं ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. तो बाजारात मिळेल की सरकारी केंद्रावर रांग लावूनच घ्यावा लागेल, याचा अंदाज आडत्याला शेतकऱ्याच्या आधी येतो.

दुधाच्या आणि सोयाबीनच्या बाबतीत मात्र सरकार खरंच अडून बसलं आहे, आणि बरोबर अडून बसलं आहे. अमेरिकेला मका, सोयाबीन आणि दुग्धजन्य पदार्थांसाठी बाजार हवा आहे. त्यांची सोयाबीन जनुकबदल केलेली, शेतं हजारो एकरांची, सरकारी मदत भरघोस. इकडं जालन्या-परभणीत दोन-तीन एकरवाला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं बारा लाख टन जीएम सोयापेंड आणायची परवानगी दिली होती, कोंबड्यांच्या खाद्यासाठी. त्याच हंगामात इथले सोयाबीनचे भाव कोसळले. ते साल गावात कुणीही विसरलेलं नाही, शहरात आलेला पोरगाही.

म्हणून पुंडलिकनगरच्या घरात हा प्रश्न कुणी ‘व्यापार की स्वातंत्र्य’ असा विचारतच नाही. सरकार झुकलं तर गावाकडचं सोयाबीन जातं. नाही झुकलं तर वाळूजचा ओटी जातो. आणि झुकलं नाही असं सांगत थोडं झुकलं, तर कापूस जातो. तिन्ही बिलं एकाच पत्त्यावर येतात.

रात्री ८:००. उरले साडेतेरा तास

आज हरतालिका. बायकांचा निर्जळी उपवास, आणि त्यातच उद्याच्या मोदकांसाठी नारळ खवणं. रस्त्याला मूर्तींचे स्टॉल, मखरं, दिव्यांच्या माळा. माळा बहुतेक चिनी. परावलंबनावर बोलायचं तर मुद्दा हातात आहे, पण आज तो कुणी काढत नाही, घासाघीस फक्त मूर्तीच्या भावावर.

रात्री ९:३०. उरले १२ तास

वॉशिंग्टनमध्ये दुपारचे बारा. व्हाइट हाउसमध्ये आज मंत्रिमंडळाची बैठक आहे, ती तीन तासांहून अधिक वेळ कॅमेऱ्यांसमोर चालते. भारत-पाकिस्तानची लढाई आपण व्यापाराचा धाक घालून थांबवली, हा दावा ट्रम्प पुन्हा एकदा करतात. भारतानं तो दर वेळी नाकारला आहे.

आकडे बघितले तर दोघांपैकी कुणाचा हात वर आहे ते कळतं. २०२४-२५ मध्ये भारतानं अमेरिकेला सुमारे ८६.५ अब्ज डॉलरचा माल विकला आणि तिकडून सुमारे ४५ अब्जांचा घेतला. आपल्याला त्यांची बाजारपेठ जास्त लागते. त्यांना आपली तितकी नाही. वाणिज्य मंत्रालयाच्या हिशेबानं उद्याच्या शुल्काखाली ४८.२ अब्ज डॉलरची निर्यात येते. वाटाघाटींच्या पाच फेऱ्या झाल्या. सहावी कालपासून दिल्लीत व्हायची होती. अमेरिकी पथक आलंच नाही. आणि रशियन तेल भारतापेक्षा जास्त घेणाऱ्या चीनवर हा दंड नाही. चीनकडं दुर्मीळ खनिजांची किल्ली आहे. आपल्याकडं अडवून धरता येईल असं काय आहे, याचं उत्तर दिल्लीत कुणाकडं असेल तर ते आज रात्रीपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट, रात्री १२:३०. उरले ९ तास

ज्या शहरात हे वस्तीचं जागरण चाललंय, त्या शहरानं स्वायत्तता आणि नाकेबंदीचा खेळ एकदा जवळून पाहिला आहे. १९४७ मध्ये औरंगाबाद हैदराबाद संस्थानात होतं. निजामाला स्वतंत्र देश हवा होता. त्याचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. स्वतःची रेल्वे, स्वतःचे जकातीचे करोडगिरी नाके. नव्हतं ते बंदर. चारी बाजूंनी भारत. २९ नोव्हेंबर १९४७ ला वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला, म्हणजे सार्वभौमत्वाचा निकाल पुढं ढकलून देवाणघेवाण चालू ठेवायची. दोन्ही बाजूंनी तो पाळला गेला नाही. हैदराबादनं भारतीय चलन व्यवहारातून बाद केलं, मौल्यवान धातू बाहेर न्यायला बंदी घातली, पाकिस्तानला भारतीय रोख्यांमध्ये वीस कोटींचं कर्ज दिलं. भारतानं सीमेवर माल अडवला. पेट्रोल, औषधं, मीठसुद्धा अडवल्याची तक्रार हैदराबाद करत राहिलं. १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य शिरलं, दुसऱ्याच दिवशी मेजर जनरल ब्रार यांची तुकडी दौलताबादवरून औरंगाबादेत आली, आणि १७ तारखेला शरणागती.

ही तुलना फार ताणायची नाही. निजामाचं स्वातंत्र्य हे एका गादीचं स्वातंत्र्य होतं. प्रजेचं स्वातंत्र्य त्याच्या विरुद्ध बाजूला, स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं उभं होतं. आजच्या भारताला चारी बाजूंनी कुणी वेढलेलं नाही आणि दिल्लीत निवडून आलेलं सरकार आहे. मला त्यातून एकच गोष्ट उचलायची आहे. निजामानं नाणं, रेल्वे, नाके सगळं उभारलं आणि समजलं की हे असलं म्हणजे सार्वभौम झालो. ज्या एका गोष्टीसाठी शेजाऱ्यावर विसंबून होता, त्या बंदराचा बंदोबस्त त्याला करता आला नाही.

दुसरी आठवण मराठवाड्यातल्या सत्तरीपुढच्या कुणालाही विचारा: बहात्तरचा दुष्काळ आणि रेशनवर मिळालेली लाल मिलो. लोक तिला अमेरिकेची मिलो म्हणत. त्याच्या आधी, १९६५-६६ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी भारताच्या गव्हाची जहाजं एकदम न सोडता थोडी थोडी, हात आखडून सोडली होती. व्हिएतनामवर भारतानं केलेली टीका त्यांना झोंबली होती. तिथून हरितक्रांतीची घाई सुरू झाली. धान्यात भारत आज कुणाच्या दारात उभा नाही, ही मोठी गोष्ट आहे, आणि ती घोषणेनं झालेली नाही. बियाणं, खत, धरणं आणि हमीभाव यांनी झाली, वीसेक वर्षं खर्चून.

पहाटे ४:००. उरले साडेपाच तास

मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून निघालेले टँकर शहराकडं येतात. युक्रेन युद्धाआधी भारताच्या आयात तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता. २०२४-२५ मध्ये तो ३५ टक्क्यांच्या आसपास गेला. आजचा दंड या तेलाचा. जालना रोडवरच्या पंपावर मात्र पेट्रोल शंभरीच्या वरच आहे. मार्च २०२४ मध्ये दोन रुपये उतरलं, त्यानंतर हललं नाही. स्वस्त तेलाचा नफा कुठं मुरला ते शुद्धीकरण कंपन्यांच्या ताळेबंदात शोधावं लागेल. दंड मात्र ट्रॅक्टरच्या गिअरवर, कोळंबीवर, साडी-चादरींवर आणि हिऱ्यांवर बसणार आहे.

सकाळी ७:३०. उरले २ तास

ताशा, गुलाल, पाटावरून येणारे गणपती. राज्य सरकारनं या वर्षीपासून गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला आहे. बहुतेक कंपन्यांना सुट्टी. घरोघर दूर्वा निवडल्या जातायत, कुणाच्या तरी मखराचा कागद अजून चिकटत नाही, आणि नळाला पाणी आज येईल का हा पुंडलिकनगरचा कायमचा प्रश्न सणालाही सुटलेला नाही.

सकाळी ९:३१

लागू झालं.

बाजार बंद, बंदरं चालू. अमेरिकेच्या बंदरांवर या मिनिटापासून भारतीय मालाच्या नोंदीत नवा कोड पडू लागला, इतकंच. वाळूजमध्ये भट्टी थांबली नाही, कुणाला नोटीस मिळाली नाही. स्फोट होऊन दिसणारी ही आपत्ती नव्हे. ती पुढच्या ऑर्डरच्या न येण्यात दिसते, आणि न आलेल्या ऑर्डरीचा पंचनामा होत नाही. उद्योजकांच्या संघटना, सीएमआयए आणि मसिआ, यांच्याकडं मोठ्या कारखान्यांचे आकडे येतील. दोन सीएनसीवाल्याचा आकडा कुठल्याच तक्त्यात नसतो.

त्यानंतर

२९ ऑगस्टला अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं सात विरुद्ध चार मतांनी सांगितलं की ज्या आणीबाणी कायद्याखाली हे शुल्क लावलं, तो कायदा अध्यक्षांना एवढा अधिकार देत नाही. निकालाला लगेच स्थगिती मिळाली आणि शुल्क चालूच राहिलं. १६ सप्टेंबरला अमेरिकी वाटाघाटीकार ब्रेंडन लिंच दिल्लीत आले, बोलणी पुन्हा सुरू झाली. वाटेतल्या मालाची सवलत १७ तारखेला, भारतीय वेळेनुसार सकाळी नऊ एकतीसलाच संपली. तो इथं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सिद्धार्थ उद्यानातल्या स्मारकापाशी दरवर्षीसारखं ध्वजवंदन.

पण पुंडलिकनगरच्या हिशेबात जास्त वजन २८ ऑगस्टच्या कागदाला आहे. टॅरिफच्या दुसऱ्याच दिवशी केंद्रानं कापसाच्या शुल्कमाफीची मुदत ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. सप्टेंबरपर्यंतच्या माफीनं शेतकऱ्याचं फार बिघडलं नसतं, कारण तोवर आपल्याकडं वेचणी जेमतेम सुरू होते. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत मात्र घरातला कापूस बाहेर पडतो, दुकानदाराची उधारी फेडायला, पोराची फी भरायला. नेमका तोच काळ बाहेरच्या कापसाला मोकळा झाला. हमीभावानं विकायचं तर भारतीय कापूस महामंडळानं सप्टेंबरपासून ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर नोंदणी सांगितली: आधार, सातबारा, पिकाची नोंद. गावातल्या बापाला ते जमत नाही. दुसऱ्या पाळीला जायच्या आधी, वाळूजचा पोरगा वरच्या खोलीत बसून ते फॉर्म भरतो, आणि सातबाऱ्याचा फोटो नीट आला नाही म्हणून गावाकडं पुन्हा फोन लावतो.